नळीमास्तरांनी पकडलेली गळती

नळीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि दाखला कुठे ठेवलाय ते फक्त बायकोला माहीत होतं. मोठ्या इमारतींमध्ये गार हवा खेळवायला छताखालून पत्र्याच्या चौकोनी नळ्या जातात. त्या बनवायचं काम ते चौतीस वर्षं करत होते. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या, सांध्यात रबराची पट्टी घालून बोल्ट आवळायचे आणि सगळं छताला टांगायचं. मग त्याच्याखाली पांढरं खोटं छत येतं आणि मास्तरांची सगळी मेहनत कायमची झाकली जाते. "आमचं काम कुणाला दिसलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय," असं ते म्हणत.

कामानं त्यांना दोन खोडी लावल्या होत्या. पहिली म्हणजे कुठेही गेले तरी मान वर. थिएटरात पडद्याकडे कमी आणि छताच्या जाळीकडे जास्त बघायचे. खिशात चिकटपट्टीच्या गुंडाळीबरोबर पातळ कागदाची एक पट्टी असायची, ती जाळीखाली धरून हवा किती येते ते बघायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला निकाल सांगायचे. दुसरी खोड म्हणजे, "हवेतलं काही असलं तर आम्हाला विचारा" हे वाक्य. बायको म्हणायची, की हवेतलं विचारायची वेळच येत नाही, हे स्वतः सदा हवेतच असतात.

या माणसाला फुप्फुसांचा नाद कसा लागला, ती गोष्ट ते स्वतःच सांगतात. आणि ते स्वतःबद्दलची कुठलीही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी पचका त्यांचाच होतो, असा त्यांचा नियमच आहे.

लेक तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. जेवायच्या टेबलावर मोठा कागद पसरून फुप्फुसांची आकृती काढत होती. मास्तर कामावरून आले, हात धुतले आणि कागदावर वाकले. मधली एक मोठी नळी, तिला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे. त्यांचा ऊर भरून आला. पोरगी बापाच्या वळणावर गेली म्हणायची.

"मेन लाइन बरी काढलीयस," ते म्हणाले, "पण फाटे चुकलेत. उजवीकडे तीन आणि डावीकडे दोनच. असलं लंगडं काम कुणी केलं तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवतो."

लेकीनं पेन्सिल न थांबवता सांगितलं, "डावीकडे हृदयाला जागा सोडलीय, बाबा."

मास्तर कागदावरून सरळ झाले. कारण त्यांच्या धंद्यातला पहिला धडा हाच. तुळई आडवी आली तर नळीनं वळायचं असतं, नळीसाठी तुळई सरकत नाही. हा धडा त्यांनी कमीतकमी वीस जणांना ओरडून शिकवला होता, आणि आता तोच धडा नीट पाळणाऱ्याला ते खाली उतरवायला निघाले होते.

मग त्यांनी खुर्ची ओढली. फाट्यांना किती वेळा फाटे फुटतात म्हणून विचारलं. लेक म्हणाली, साधारण तेवीस वेळा. मास्तरांनी तिला परत मोजायला लावलं. त्यांनी स्वतः आयुष्यात जास्तीत जास्त सात वेळा फाटे काढले होते, एका सभागृहात, आणि शेवटच्या रांगेला हवा पोचलीच नव्हती. तिथले लोक घामानं निथळायचे. मास्तर पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना पटवून देत होते, की शेवटची रांग उंचावर आहे आणि गरम हवा वर जातेच, त्याला कोण काय करणार.

लेकीनं त्यांना आणखी सांगितलं. प्रत्येक फाट्याला नळी बारीक होते, पण सगळ्या नळ्या मिळून रुंदी वाढत जाते. त्यामुळे हवा हळू होत जाते, आणि अगदी शेवटी ढकलावीही लागत नाही, आपली आपण झिरपते. टोकाला कोट्यवधी बारीक पिशव्या. त्यांची भिंत इतकी पातळ, की पलीकडचं रक्त हवा घेतं पण अलीकडे सांडत नाही. सगळ्या पिशव्या उलगडून अंथरल्या तर जवळजवळ बॅडमिंटनचं मैदान झाकलं जाईल. वर नळ्यांच्या आतून बारीक केसांचा झाडू, तो धूळ खालून वर लोटतो, दिवसभर, सुट्टी न घेता. आणि हे सगळं एवढ्याशा छातीत, जिथे मास्तरांच्या नळीचा साधा एक कोपराही मावला नसता.

"आणि आवाज बघ," मास्तर भारावून म्हणाले. "आवाज म्हणून नाही."

"आवाज नाही कसा?" आतून बायको म्हणाली. "तुम्ही घोरता तेव्हा शेजारी भिंत वाजवतात."

"तो नळीचा आवाज नव्हे गं. तो नळीमास्तरचा."

त्या दिवसापासून मास्तरांचं मत ठरलं. हे काम कुणीतरी केलेलं आहे. आणि ज्यानं केलंय त्यानं आपल्याला पत्रा धरायलासुद्धा ठेवलं नसतं.

तसे ते फार देवभोळे नव्हते. त्यांचा सगळा युक्तिवाद धंद्यातून आलेला. नळी बनवणारे जुने कारागीर शेवटच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं आपली खूण कोरतात. बाहेरून ती कधीच दिसत नाही. मास्तर एकदा जुन्या इमारतीतली नळी उघडत होते, तेव्हा आत त्यांना एक छोटासा मासा कोरलेला सापडला. कुणाचा, कधीचा, पत्ता नाही. पण सांधा असा बसवलेला, की मास्तर पाच मिनिटं नुसता हात फिरवत राहिले. ते म्हणायचे, मासा दिसला नसता तरी सांध्यावरूनच कळलं असतं, की इथे कुणीतरी जीव लावलाय.

त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे कात्रीवाला म्हणत, तीस वर्षं त्यांच्यासोबत पत्रा कापत होता. त्याला हे भाषण तोंडपाठ होतं. तो विचारायचा, मग फुप्फुसात मासा कुठाय? मास्तर म्हणायचे, तू आत जाऊन बघितलंस का. एवढ्यावर तो विषय दर वेळी संपायचा. ते भाषण वर्कशॉपमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना खास करून दिलं जाई. ती मंडळी मन लावून ऐकत, हळहळत, आणि मन हलकं करायला बाहेर जाऊन आणखी एक पेटवत.

अशी पंधरा वर्षं गेली. मास्तरांनी आपण होऊन वरच्या मास्तरची वकिली घेतली होती. वकीलपत्र कुणी दिलं नव्हतं, पण फीसुद्धा घेत नसल्यामुळे कुणी हरकतही घेतली नाही.

मग लेकीचे दिवस भरायच्या आधीच तिचा रक्तदाब चढला. सातवा महिना नुकताच सरत होता. सकाळी तपासणीला गेली ती दुपारी ऑपरेशनच्या टेबलावरच होती. मुलगी झाली. वजन दीड किलोला थोडं कमी. सगळं जागच्या जागी, बोटं, नखं, पापण्यासुद्धा. फक्त एक गोष्ट तयार नव्हती. फुप्फुसं.

हे ऐकून मास्तर हॉस्पिटलच्या जिन्यातच बसले. इतकी वर्षं ज्या कामाचे गोडवे गायले, तेच नेमकं आपल्या नातीच्या वाट्याला अर्धवट यावं. आता ती जगणार का नाही, हे त्या फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या उघड्या राहतात का नाही यावर होतं.

बाळांच्या अतिदक्षता विभागात आई केव्हाही जाऊ शकत होती, बाकीच्यांपैकी रोज एकानं, चार वाजता, पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी जावई गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पाळी मास्तरांना दिली. कोपरापर्यंत हात धुऊन, निळा झगा घालून, डोक्याला टोपी लावून मास्तर आत शिरले. आरशात स्वतःकडे बघून त्यांना वाटलं, आपण पावसाळी छत्रीसारखे दिसतोय, घडी न घातलेल्या.

काचेच्या पेटीत नात होती. तळहाताएवढी छाती, भात्यासारखी वरखाली. नाकात दोन बारीक नळ्या, त्यांना जोडलेली एक नळी हवा आणणारी आणि एक परत नेणारी. मास्तरांचे डोळे भरून यायला हवे होते. बायकोनं आधीच बजावलं होतं, रडू नका म्हणून. पण चौतीस वर्षांची सवय रडू देते होय? डोळे आपोआप नळीच्या मागे निघाले. आणणारी नळी ठीक. सांधे ठीक. मग परत नेणारी नळी धरून ते शेवटापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. नळीचं टोक पाण्याच्या एका बाटलीत बुडलेलं होतं, आणि पाण्यातून बुडबुडे येत होते. भराभर, एकामागून एक.

आता मास्तरांच्या धंद्यात बुडबुड्याचा अर्थ एकच. काम पूर्ण झालं की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं आणि नळीत हवा सोडायची. बुडबुडा आला की तिथे गळतं. बुडबुडा म्हणजे चूक, बुडबुडा म्हणजे मान खाली, बुडबुडा म्हणजे परत शिडीवर चढा. असे हजारो बुडबुडे त्यांनी आयुष्यभर मारले होते. आणि इथे त्यांच्या नातीची हवा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाटलीत वाहून चालली होती, कुणाला पत्ता नाही. सिस्टर पलीकडच्या बाळाजवळ होती. हाक मारून ती येईपर्यंत किती हवा गेली असती.

मास्तरांनी दोन बोटांनी नळी चिमटली.

बुडबुडे थांबले. एक क्षणभर मास्तरांना जे समाधान वाटलं, ते त्यांना लेकीच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मग यंत्रानं कर्कश शिट्टी घातली, सिस्टर धावत आली, तिनं त्यांचा हात धरून बाजूला केला, आणि बाटलीत परत बुडबुडे सुरू झाले. सगळं मिळून दोन श्वासांएवढा वेळ गेला असेल. नात जागीही झाली नाही.

"तिथे गळतंय," मास्तर कसंबसं म्हणाले.

सिस्टर वयानं त्यांच्या लेकीएवढी होती. ती ओरडली नाही, ते जास्त लागलं. तिनं समजावून सांगितलं, की बाळानं श्वास सोडला की पिशव्या मिटायला बघतात. म्हणून नळी मुद्दाम पाण्यात सहा सेंटिमीटर बुडवलीय. हवेला तेवढं पाणी सारून बाहेर पडावं लागतं, त्यामुळे थोडा दाब मागे राहतो आणि पिशव्या उघड्या राहतात. "आजोबा, बुडबुडे येतात तोवर आम्ही निवांत असतो," ती म्हणाली. "थांबले की धावतो. आत्ता धावले ना, तशी."

सहा सेंटिमीटर पाणी. मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पाण्याच्या मापानंच तर ते रोज दाब मोजायचे. मोठ्या सभागृहाच्या मुख्य नळीला ते जेवढा दाब देत, साधारण तेवढाच हा. हे यंत्र बघून ज्याला आपोआप कळायला हवं होतं असा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि त्यानंच ते चिमटून धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी वेगळा नियम झाला. आत आल्यावर हात पाठीमागे बांधायचे. शाळेत फळ्याजवळ उभ्या केलेल्या पोरासारखे ते उभे राहत, आणि सिस्टर लोक आपापसात त्यांना गळतीवाले आजोबा म्हणत.

लेकीला त्यांनी हे सांगितलं नाही. पण सिस्टरनं सांगितलं. लेक आपल्या खाटेवर बसून बाळाचे श्वास वहीत लिहून ठेवत होती, मिनिटाला किती, दर तासाला आत जाऊन मोजलेले. कुणी सांगितलं नसताना. वहीचा उपयोग काय हे डॉक्टरांनी विचारल्यावर तिला सांगता आलं नव्हतं, फक्त लिहिणं थांबवलं तर काहीतरी होईल असं वाटायचं. बापाचा पराक्रम ऐकून ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली. टाके दुखेपर्यंत हसली, मग उशी पोटाशी धरून रडली, आणि मग म्हणाली, "बाबा, निदान खिशातली चिकटपट्टी तरी काढली नाहीत ना?"

काढली नव्हती. पण खिशात होती, हे त्यांनी कबूल केलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नातीची तब्येत खालावली. श्वास जोरात, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळसर. मास्तरांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. ती दोन बोटं.

कॅन्टीनच्या टेबलाशी ते आणि जावई समोरासमोर बसले. जावई शाळेत विज्ञान शिकवायचा. मनानं चांगला. सासऱ्यांचं भाषण त्यानं लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून बऱ्याचदा ऐकलं होतं. कोट्यवधी वर्षांत थोडं थोडं बदलत हे सगळं घडलं, असं तो एकदोनदा म्हणालाही होता. त्यावर मास्तर म्हणाले होते, माझंही काम एका दिवसात होत नाही, थोडं थोडंच होतं, म्हणून मी नाहीच असं म्हणायचं का. तेव्हा दोघं हसले होते. त्या सकाळी जावई हसला नाही. कागदी पेल्याची कड तो नखानं उलगडत राहिला.

"बाबा, एक विचारतो, राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता करणारा आहे. असेल. पण काम अर्धं असताना उद्घाटनाची तारीख कुणी ठरवली?"

मास्तरांकडे कात्रीवाल्यासाठी उत्तर होतं, सिगारेटवाल्यांसाठी होतं, दात काढणाऱ्या डॉक्टरसाठीसुद्धा होतं, तोंड उघडं असताना. याच्यासाठी नव्हतं. मासा काढावा असं एकदा मनात आलं, पण जावयाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून तो गिळला. पंधरा वर्षं आपण एखाद्या मोठ्या मास्तरच्या कामाची वाहवा करत हिंडलो, आणि पहिलाच पक्का प्रश्न आल्यावर वकीलसाहेब चहा ढवळत बसले. चहात साखरही नव्हती.

तिथून ते तडक बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाड चष्म्याची, बारीक चणीची बाई, दोन दिवस झोपली नसावी. मास्तरांनी आधी बोटांचा गुन्हा कबूल केला. बाईंनी सांगितलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, नळी बंद झाली तर जादा हवा बाहेर सोडायची वाट यंत्राला काढून दिलेली असते. मग एका कागदाच्या पाठीमागे त्यांनी दोन फुगे काढले.

ओली प्लॅस्टिकची पिशवी आतून कशी चिकटते, तशा फुप्फुसातल्या पिशव्या चिकटायला बघतात, बाईंनी सांगितलं. तसं होऊ नये म्हणून शरीर आतून त्यांना एक पातळ लेप देतं. साबणासारखा. तो शेवटच्या आठवड्यांत भरपूर तयार होतो. या बाळाचा सुरू झालाय, पण पुरत नाहीये. म्हणून आज बारीक नळीनं बाहेरून घालणार आहोत.

"साबण?" मास्तरांनी परत विचारलं.

"साबणासारखा."

आयुष्यभर साबणाचं पाणी आपण बाहेरून लावलं, दुसऱ्याच्या चुका शोधायला. इथे तो आतून लावलेला, पिशवी मिटू नये म्हणून. मास्तरांना स्वतःची थोडी लाज वाटली. मग त्यांनी घाबरत विचारलं, की पिशव्या तरी सगळ्या झाल्यात का.

बाई म्हणाल्या, नाहीत. पण पूर्ण दिवसांच्या बाळाच्याही सगळ्या झालेल्या नसतात. बहुतेक पिशव्या जन्मानंतर तयार होतात, पुढची कित्येक वर्षं.

"म्हणजे चालू असताना?"

"चालू असतानाच. एक श्वासही न थांबवता."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या धंद्यात चालू इमारतीतलं काम म्हटलं की भलेभले आजारी पडतात. रिकाम्या इमारतीत कुणीही नळी टांगेल. पण खाली लोक बसलेत, टेबलं मांडलीत, हवा बंद करायची नाही, धूळ पाडायची नाही, आणि वर नवी नळी जुन्या नळीला जोडायची, ते काम. मास्तरांनी ते आयुष्यात एकदाच घेतलं होतं, एका चालू कचेरीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा पाय खोट्या छतातून थेट साहेबांच्या टेबलावर लोंबकळला होता, बुटासकट, आणि साहेब खाली फोनवर बोलत होते. त्यानंतर त्यांनी शपथ घेतली, पुन्हा नाही. आणि इथे दीड किलोच्या इमारतीत, आत राहणारीला जाग न येऊ देता, रोज नव्या खोल्या काढणं चाललं होतं.

ते परत कॅन्टीनमध्ये गेले. जावई तिथेच होता. मास्तरांनी त्याला लेपाचं सांगितलं, पिशव्यांचं सांगितलं, चालू इमारतीचंही सांगितलं. साहेबांच्या टेबलाचं आलं तेव्हा जावयाच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

"तारीख कुणी ठरवली ते मला माहीत नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "भेटला तर मीही विचारणार आहे, आणि नीट आवाज चढवून विचारणार आहे. पण काम टाकून कुणी गेलेलं नाही. हातोडी चालू आहे. एवढं मला कळतं."

"काम पुरं होईल?"

"ते नाही माहीत."

जावयानं मान हलवली. त्यानं उत्तर मानलं असं नाही, पण दुसरा चहा आणला आणि या वेळी साखर घातली.

लेप दुपारी दिला. संध्याकाळी ओठांचा निळेपणा गेला. सातव्या दिवशी बाटलीतली नळी सहावरून पाचावर आणली, मग चारावर. लेकीची वही अर्धी भरली. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज चार वाजता नाकातल्या नळ्या काढून बघू, तिचं तिला जमतं का ते. नाही जमलं तर परत लावू. लेकीला ते एकटीनं बघवेना. जावयाचा शाळेत परीक्षेचा दिवस होता. नळ्या काढताना जवळ थांबायची मास्तरांना खास परवानगी मिळाली, हात पाठीमागे ही अट होतीच.

सिस्टरनं हलक्या हातानं नळ्या काढल्या. बाटलीतली गडबड थांबली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की मास्तरांना ती सहन होईना. नातीच्या नाकावर नळीचे दोन लाल व्रण होते. छाती वर गेली. खाली आली. वर गेली. लेक ओठांतल्या ओठांत मोजत होती.

मग छाती थांबली.

लेकीचं मोजणंही थांबलं. सिस्टर पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होती, हलली नाही. इतक्या लहान बाळांना मधेच श्वास घ्यायचं राहून जातं, हे तिनं आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि बघितलेलं यांत फरक असतो. एक. दोन. तीन. मास्तरांनी पाठीमागे स्वतःचीच बोटं इतकी आवळली की कळ आली. चार. पाच. त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं काही त्यांच्या हातात नव्हतं, मुद्दामच नव्हतं. सहा.

छाती उचलली गेली. एक खोल, मोठ्या माणसासारखा उसासा, आणि मग परत वरखाली, वरखाली. सिस्टर म्हणाली, "घेतला बघा." लेकीनं काचेला कपाळ टेकलं.

पुढच्या पंधरा मिनिटांत असं दोनदा झालं. दोन्ही वेळा नातीनं आपला आपण श्वास उचलला. डॉक्टरीणबाई आल्या, छातीला नळी लावून ऐकलं, आकडे बघितले आणि म्हणाल्या, राहू दे अशीच.

तेवढ्यात मास्तरांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि ते एका बाजूला कलले. सिस्टरनं त्यांना स्टुलावर बसवलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला आणि म्हणाली, "बाळाचं ठीक चाललंय, आजोबा. तुम्ही श्वास घ्या."

तेव्हा त्यांना कळलं, की नातीनं श्वास थांबवला की तेही थांबवत होते, आणि तिसऱ्या वेळी परत सुरू करायचं विसरलेच होते.

पुढे कात्रीवाल्याला हे सांगताना मास्तर म्हणाले, की माझ्याकडे अठ्ठावन्न वर्षं चाललेली, धडधाकट जोडी. ती मला चालवता येईना, आणि दीड किलोच्या पोरीनं आपली चालवून दाखवली. आणि खरं म्हणजे मी विसरलो तरी ती बंद पडली नाही. मी स्टुलावर टेकलो नाही तोच छातीनं मला न विचारता हवा ओढली. करणाऱ्यानं ते कळ दाबायचं काम आपल्याकडे ठेवलंच नाहीये. आपण कसे आहोत, त्याला बरोबर माहीत होतं.

 कात्रीवाल्यानं पत्रा टेबलावर सरकवला, आणि दुसरं टोक धरायची खूण केली.